चार्जिंगच्या झाकणावरचं सील

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे. पेटवला पुतण्यानं. तो वाळूजला एका कंपनीत अप्रेंटिस आहे आणि जगात कुठं नवी गाडी, नवं यंत्र, अजब वस्तू दिसली की लगेच ग्रुपवर टाकतो. रंग बदलणारी बीएमडब्ल्यू, छतावर सौर पॅनेल बसवलेली गाडी, हवेतून पाणी ओढणारी बाटली, आणि परवा पाण्यावर चालणारी मोटारसायकल. परळीहून नानांचं उत्तर ठरलेलं असतं: "इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना, आणि तुम्ही बसा असली खेळणी बघत." मग दोन तट पडतात. पोरं म्हणतात जग कुठल्या कुठं गेलं, मोठी माणसं म्हणतात आपल्याला त्याचं काय. शेवटी दोन्हीकडून मला विचारणा होते, की तू जर्मनीत राहतोस, तूच सांग खरं काय ते.

मी स्टुटगार्टला राहतो. रंग बदलणारी गाडी इथल्या रस्त्यावर दिसत नाही. बीएमडब्ल्यूनं २०२३ च्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात ती दाखवली. बाहेरच्या पत्र्यावर ई-पेपरचे, म्हणजे वीज दिली की रंग बदलणाऱ्या पातळ पडद्याचे, तुकडे चिकटवलेले, आणि त्यातून ३२ रंग. व्हिडिओ जगभर फिरला तो या रंगांमुळं. पण त्याच गाडीत समोरच्या अख्ख्या काचेवर माहिती दाखवण्याची एक कल्पना होती, आणि तिचं साधं रूप आता कंपनीच्या विकायच्या गाडीत आलं आहे. कन्सेप्ट कारचं, म्हणजे नुसती दाखवायला केलेल्या गाडीचं, असंच असतं. डोळ्यात भरणारी गोष्ट प्रदर्शनातच राहते आणि जिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं ती काही वर्षांनी बाजारात येते. म्हणून पुतण्यानं असे व्हिडिओ जरूर बघावेत, फक्त नजर रंगाच्या पलीकडं न्यावी.

आता मला मनापासून आवडलेली गोष्ट सांगतो. मर्सिडीजची व्हिजन ईक्यूएक्सएक्स नावाची एक प्रायोगिक गाडी आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये ती इथून जवळच्या झिंडेलफिंगेनहून निघाली आणि एकदाच चार्ज करून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कासीपर्यंत गेली. १,००० किलोमीटरच्या वर अंतर, वाटेत आल्प्स, आणि बॅटरी १०० युनिटांपेक्षा लहान. दर १०० किलोमीटरला खर्च ८.७ युनिट. याचा व्हिडिओ ग्रुपवर आला तेव्हा सगळ्यांनी गाडीचा निमुळता आकार बघितला. मला मोठं वाटलं ते दुसरंच: निघण्यापूर्वी चार्जिंगचं तोंड सीलबंद केलेलं होतं आणि मोजमापावर तपासणी करणाऱ्या त्रयस्थ संस्थेचा माणूस लक्ष ठेवून होता. म्हणजे वाटेत कुणी गुपचूप वीज भरली असती तर सील तुटलं असतं आणि सगळा विक्रम पाण्यात गेला असता. मर्सिडीजसारख्या कंपनीलासुद्धा आपला शब्द पुरेसा आहे असं वाटलं नाही. २०२४ साली हीच गाडी रियाधहून दुबईला वाळवंटातून नेली, बाहेर ३४ अंशांपर्यंत तापमान, तिथं खर्च ७.४ युनिटांवर आला. आणि या प्रयोगांतून शिकलेलं घेऊन २०२५ ला जी विजेवरची सीएलए आली, ती आज कुणीही पैसे भरून घेऊ शकतो.

हे सील मनात ठेवून पाण्यावर चालणाऱ्या मोटारसायकलीकडं बघा. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरतं ते पाणी. त्याच्यातून पुन्हा हायड्रोजन काढायचा तर जळताना जेवढी ऊर्जा मिळाली तेवढी तरी परत घालावीच लागते, प्रत्यक्षात जास्तच. बॅटरीतून वीज घालून पाणी फोडायचं आणि तो वायू इंजिनात जाळायचा, यापेक्षा तीच बॅटरी सरळ मोटरला जोडलेली काय वाईट? अमेरिकेत स्टॅन्ली मेयर नावाच्या माणसानं पाण्यावर बग्गी चालवल्याचा दावा केला होता. पैसे घातलेले लोक कोर्टात गेले, तज्ज्ञांनी त्याचं यंत्र उघडून बघितलं, तर आत शाळेच्या प्रयोगशाळेतलं साधं इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेनं पाणी फोडणं, निघालं. १९९६ साली ओहायोच्या कोर्टानं ती फसवणूक ठरवली आणि पैसे परत करायला लावले. इतकी वर्षं झाली, तरी तोच दावा नव्या चेहऱ्यानं आमच्या ग्रुपवर येतो.

बाटलीचं मात्र मला वाईट वाटतं, कारण ती आपल्या दुखण्यावर बोट ठेवते. हवेतून पाणी ओढून आपोआप भरणारी सायकलची बाटली २०१६ साली इंटरनेटवर लोकवर्गणी मागायला आली होती. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वे लातूरला पाणी घेऊन आली. पहिल्या खेपेला १० डबे आणि ५ लाख लिटर. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना हवेतून पाणी म्हटल्यावर आशा वाटणारच, आणि त्या आशेची मी चेष्टा करणार नाही. हिशोब मात्र करून बघू. आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी ४० अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता धरली तर एक घनमीटर हवेत जेमतेम ७-८ ग्रॅम वाफ असते. लिटरभर पाण्यासाठी १३० घनमीटर हवा, म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या एका घरातली सगळी हवा, पार कोरडी करावी लागेल. शिवाय वाफेचं पाणी होताना लिटरमागं ०.६८ युनिटाएवढी उष्णता बाहेर पडते, ती कुठंतरी काढून टाकावी लागते. हे काम बाटलीवरच्या तळहाताएवढ्या पॅनेलचं नाही. कोकणात मोठं यंत्र लावलं तर थोडंफार पाणी मिळेल. लातूर, बीडला ज्या महिन्यात पाण्याची खरी गरज, त्याच महिन्यात हवा सगळ्यात कोरडी.

सौर गाडीच्या बाबतीत नाना आणि पुतण्या दोघांशीही माझं पटत नाही. युरोपात दोन कंपन्यांनी यावर जीव ओतला. म्युनिकच्या सोनो मोटर्सकडं सायन या गाडीची ४५,००० च्या आसपास आगाऊ नोंदणी होती, तरी २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांनी गाडीचा नाद सोडला. नेदरलँड्सच्या लाइटइयरची गाडी अडीच लाख युरोंची, तिचं उत्पादन त्याच वर्षी जानेवारीत थांबलं. हे वाचून नानांनी अंगठा पाठवला. पण छताचं गणित सगळीकडं सारखं नसतं. छत दोन चौरस मीटरचं धरा. चांगल्या पॅनेलातून ४०० वॉट निघतात. मराठवाड्यातल्या पाच तासांच्या कडक उन्हात दोन युनिट, आणि पॅनेल तापलं की वीज घटते म्हणून दीडच धरा. जर्मनीच्या हिवाळ्यात यातलं फार थोडं हाती लागतं. पण छोट्या गाडीला दीड युनिटात १५ किलोमीटर जमतात, आणि आपल्याकडं असं ऊन वर्षातले कितीतरी महिने असतं. पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीनं २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात ईव्हा नावाची छोटी सौर गाडी किमतीसह आणली. छतावरून वर्षाला ३,००० किलोमीटरपर्यंत, असा त्यांचा दावा. दिवसाला आठेक किलोमीटर झाले. माझ्या हिशोबापेक्षा दावा कमी आहे, म्हणून तो खरा असावा असं वाटतं. अडचण एकच, आणि ती आपल्याकडचं माणूसच सांगू शकेल: परळीत मे महिन्यात कुणी गाडी उन्हात लावतं का? लिंबाची सावली शोधूनच लावतात. गाडी चार्ज व्हायची तर उन्हात तापू द्यावी लागेल, मग आत बसायचं कसं, याचं उत्तर आधी द्यावं लागेल.

आणि नाना, तुम्ही तर थर्मलला, म्हणजे परळीच्या वीजकेंद्रात, नोकरी केली. २०१५ च्या जुलैत पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद पडले ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. कोळसा असून उपयोग नव्हता, वाफ करायला आणि यंत्र थंड ठेवायला खडक्याच्या बंधाऱ्यात पाणीच नव्हतं. सौर विजेला फक्त पॅनेल पुसण्यापुरतं पाणी लागतं. पाणी नाही म्हणून ही खेळणी नकोत असं तुम्ही म्हणता. मला वाटतं पाणी नाही म्हणूनच ती तुम्ही सगळ्यांच्या आधी बघायला हवीत.

आता पुतण्याला सांगायचं ते. तुझ्या आजोळच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर आहे. स्टार्टरच्या पेटीशेजारी सिमकार्ड घातलेला एक डबा. मामा घरून फोन लावतात, पलीकडून लाइट आहे की नाही कळतं, एक आकडा दाबला की मोटार चालू. विहिरीतलं पाणी संपलं तर कोरडी मोटार जळायच्या आत आपोआप बंद. थ्री-फेजची पाळी रात्रीची असते तेव्हा अंधारात, विंचू-सापाच्या वाटेनं, बांध तुडवत जायची गरज या डब्यानं कमी केली. इथं माझ्याबरोबर काम करणाऱ्या जर्मन इंजिनिअरला मी त्याचा फोटो दाखवला, तर तो अर्धा तास वायरिंगचेच प्रश्न विचारत होता. याचा व्हिडिओ ग्रुपवर एकदाही आला नाही. कपड्याला लावायची एआय पिन मात्र तिघांनी पाठवली होती. ती ६९९ डॉलरची वस्तू २०२४ ला आली, २०२५ च्या फेब्रुवारीअखेर कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि घेणाऱ्यांच्या हातात निकामी तुकडा राहिला. मामांचा डबा बिघडला तर मोंढ्याजवळचा मिस्त्री उघडून नीट करतो. इथं युरोपात वस्तू दुरुस्त होण्यासारख्या असाव्यात म्हणून २०२४ साली कायदा करावा लागला.

माझं खरं म्हणणं यापुढं आहे. २०२१ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावातल्या एका कारागिरानं भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवतील, असंही लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण ती जीप संग्रहात गेली, रस्त्यावर आली नाही. जर्मनीत घरी बांधलेल्या एकट्या गाडीलाही तपासून परवानगी मिळायची वाट आहे. सोपी नाही, स्वस्त तर मुळीच नाही: ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सांगाडा, सगळं बघतात आणि नापास करतात. पण नापास करताना कशात नापास ते लिहून देतात. आपल्याकडं प्रमाणपत्राची सगळी रचना कारखानदारासाठी आहे. गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेचा दरवाजा कुठं आहे हेसुद्धा गावच्या वेल्डरला कुणी सांगत नाही.

वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, यंत्रं आणि तपासणीच्या सामायिक सोयीसाठी उद्योगांनी मिळून उभं केलेलं. १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्याला स्कोडा आहे, ऑरिक या नव्या औद्योगिक वसाहतीत टोयोटा आणि एथर येणार म्हणून जमिनीचे भाव चढले. ग्रुपवर त्यावरही वाद झाला, नोकऱ्या आपल्या पोरांना मिळणार की बाहेरच्यांना. तो वाद महत्त्वाचाच आहे, पण मी त्यात एक मागणी घालतो. महिन्यातला एक दिवस त्या क्लस्टरमध्ये कुणाचीही वस्तू मोजून द्यावी. जुगाडाची फवारणी गाडी असो, बॅटरीवर केलेली जुनी लुना असो, की पाण्यावर चालते म्हणणारी मोटारसायकल. नाममात्र फी, त्रयस्थ माणूस, तोंडावर सील, आणि शेवटी मराठीत एक कागद: इतक्या युनिटांत इतके किलोमीटर, ब्रेक इतक्या अंतरात लागला, अमुक जागी वेल्डिंग कच्चं. पुतण्या अप्रेंटिस म्हणून जे मोजमाप रोज कंपनीसाठी करतो, तेच हे काम आहे. त्यानं आपल्या साहेबांना विचारावं, आणि नानांनी थर्मलमधल्या निवृत्त मित्रांना. मीटर कसा वाचायचा हे त्यांच्याइतकं परळीत दुसऱ्या कुणाला येत असेल असं मला वाटत नाही.