ती वीट कोण ठेवतंय?

आज परत तेच. आमच्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरचं फायर डोअर सताड उघडं, खाली अर्धी वीट सरकवलेली. वीट काढली, दरवाजा लावला, राउंड मारून आलो तर वीट परत जागेवर! "स्ट्रेचर न्यायला त्रास होतोय वो साहेब." अरे, तो 120 मिनिटं आग अडवायला बसवलाय, पण बंद असला तरच अडवणार ना?

भिंतींचं तर बोलायलाच नको. आज सीसीटीव्हीवाला, उद्या एसीवाला, परवा इंटरनेटवाला. प्रत्येकजण ड्रिल लावतो, केबल ओढतो आणि निघून जातो. काल शिडी लावून फॉल्स सीलिंगची टाइल उचलली. आयसीयूच्या फायर वॉलला मनगट जाईल एवढं भोक, त्यात चार निळ्या केबली, कडेनं पिवळा फोम फासलेला. साधा पीयू फोम! तो स्वतःच पेटतो. तिथं आग-धूर अडवणारं फायर सीलंटच पाहिजे, हे किती वेळा सांगायचं?

असल्या भोकांतून ज्वाळांच्या आधी धूर पोचतो, आणि व्हेंटिलेटरवरचा पेशंट पळणार कुठं? 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत 10 बाळं गेली. पाच वर्षंसुद्धा टिकत नाही होय आपली आठवण?

जानेवारी-जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला, द्यायची वेळ आली की पंप, हायड्रंट, सिलिंडर सगळं बघतात. सीलिंगच्या वर कोणी डोकावत नाही.

कोल्हापुरातल्या समस्त कॉन्ट्रॅक्टर मंडळींनो, भोक पाडायच्या आधी मेंटेनन्सला एक फोन करा. रात्री दोनला केला तरी मी येतो.