गुणिले शंभर

झुरिकला निघाला असाल तर सगळ्यात आधी शंभराचा पाढा घोटून घ्या. स्विस फ्रँक सध्या शंभर रुपयांच्या वर आहे, पण शंभराने गुणणं सोपं पडतं. वरचे रुपये घरी परतल्यावर कार्डाचं बिल आलं की मोजता येतील. तिथे पाटी दिसली की गुणायचं. कॉफी पाच फ्रँक, म्हणजे पाचशे रुपये. हा हिशेब मनातल्या मनात करण्यात काही अर्थ नाही. तो मोठ्याने करायचा, आणि बरोबरचं माणूस पहिला घोट घेत असेल नेमक्या त्याच वेळी. "अगं, पाचशे रुपयांत आपल्याकडे चौघांचा नाश्ता होतो," असं म्हटलं की ती कप खाली ठेवते, उरलेली कॉफी आपण पितो आणि दोघांचं एकात भागतं.

एक पथ्य मात्र पाळा. गुणाकार करायचा, भागाकार करायचा नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, हॉटेल हे सगळे खर्च घरी बसून रुपयांत झालेले असतात, म्हणजे ते झालेच नाहीत असं धरून चाला. चुकूनही त्या आकड्याला मुक्कामाच्या दिवसांनी आणि दिवसाला जागेपणीच्या तासांनी भागायला जाऊ नका. झुरिकमधला एक तास आपल्याला केवढ्याला पडतोय हे कळलं, तर कोपऱ्यावरचा स्वस्त कॅफे शोधण्यात घालवलेला पाऊण तास अंगावर येईल. पाच फ्रँकची कॉफी स्वस्त वाटू लागेल, आणि मग काटकसरीत राम उरणार नाही.

तयारी अर्थात घरूनच सुरू होते. मोठी बॅग २३ किलोची. त्यात पंधरा किलो खाऊ हवाच. थेपले, दशम्या, मेतकूट, चटण्या, पाणी ओतलं की होणारे उपमा-पोहे. तूप आणि पेढे मात्र राहू द्या. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत, आणि साजूक तूप हे दूध नसून संस्कार आहे हे तिथल्या कस्टमवाल्याला जर्मनमध्ये पटवणं अवघड आहे. खाऊबरोबर इलेक्ट्रिक किटली घ्या आणि दुकानदार 'युरोपचा' म्हणून देतो तो जाडजूड गोल अ‍ॅडॉप्टरही घ्या. स्विस सॉकेट षटकोनी खोबणीतलं, तीन भोकांचं असतं. जर्मनी-फ्रान्समध्ये चालणारा तो गोल ठोकळा त्यात शिरतच नाही. हे रात्री अकरा वाजता, खोलीत, किटली हातात धरून कळावं. मग स्टेशनात जाऊन नवा अ‍ॅडॉप्टर घ्यायचा. जेवढ्यात तो येतो तेवढ्यात दोघांचं गरम सूप आलं असतं, पण सूप संपून गेलं असतं. अ‍ॅडॉप्टर आयुष्यभर राहतो, ड्रॉवरमध्ये.

विमानतळावरून शहरात जायला रेल्वे आहे. दहा-बारा मिनिटांत मुख्य स्टेशन, तिकीट सात फ्रँकच्या आसपास. टॅक्सीला त्याच्या आठ-दहा पट लागतात. पण तुमच्याजवळ पंधरा किलो खाऊ आहे, तेव्हा टॅक्सीच बरी. ही भरपाई पुढे ट्राममध्ये करायची आहे.

तर ट्राम. झुरिकच्या ट्रामला ना दांडी, ना फाटक, ना कंडक्टर. शहराचं २४ तासांचं तिकीट दोन सुट्या तिकिटांच्या किमतीत मिळतं, आणि त्यावर ट्राम, बस, लोकल, शिवाय लिमात नदीवरची बोटसुद्धा चालते. असं तिकीट घेणारी माणसं आळशी असतात. तुम्ही प्रत्येक वेळी आधी ठरवा की 'आता फक्त एकदाच बसायचंय', आणि सुटं तिकीट काढा. दिवसात चारदा हेच ठरवा. पाचव्या वेळेला 'इथे कुणी विचारतच नाही की' हा शोध लागतो. त्याच ट्राममध्ये साध्या कपड्यांतला, तुमच्यासारखाच खिडकीबाहेर बघत बसलेला एक गृहस्थ उठतो, ओळखपत्र दाखवतो आणि तुमचं नाव-गाव लिहून घेतो. दंड शंभर फ्रँकच्या घरात. इथे शंभराने गुणायची गरज नाही, आपोआप गुणलं जातं.

पाण्याबद्दल मात्र सावध राहा. झुरिकमध्ये बाराशेहून जास्त कारंजी आहेत. चौकाचौकांत दगडी हौद, वर एखादा पुतळा, आणि तोटीतून अखंड वाहणारं गार पाणी. जिथे पिऊ नका अशी पाटी नाही तिथे ते खुशाल प्यावं, अख्खं शहर पितं. ऑफिसला जाणारी माणसं सायकल थांबवून बाटली भरून घेतात. पण विचार करा, ज्या गावात कॉफी पाचशे रुपयांची, तिथे फुकट मिळणारं पाणी चांगलं कसं असेल? तेव्हा बाटलीबंदच घ्या. चार फ्रँकची, स्टेशनातली, आणि जमल्यास फेसाळ पाण्याची. न बघता उचलली की तीच हाती येते. एक घोट घेऊन ती बायकोला द्यायची, बायको मुलाला देते, आणि मुलगा ती कारंज्यात ओततो.

शाकाहाऱ्यांसाठी एक तीर्थक्षेत्र आहे. 'हिल्टल' नावाचं उपाहारगृह, १८९८पासूनचं, जगातलं सगळ्यात जुनं शाकाहारी म्हणून गिनीज बुकात नोंदलेलं. मालकांच्या घरातली सून मागे भारतात एका शाकाहार परिषदेला आली होती, तेव्हापासून तिथे आपल्याकडचे मसालेही पोहोचलेत. बुफेवर हवं ते ताटात घ्यायचं, ताट काट्यावर ठेवायचं आणि वजनाचे पैसे द्यायचे. वजन म्हटलं की आपल्यातला किराणा दुकानदार जागा झालाच पाहिजे. वरणाकडे ढुंकून बघू नका, निम्मं पाणी असतं त्यात. बटाटा जड, छोले जड, टोमॅटो तर शत्रू. पापड दिसला की थप्पी लावा. त्याखालोखाल सॅलडची पानं, पण झटकून, थेंब निथळून. असं रचत गेलात की ताट डोंगराएवढं दिसतं आणि काट्यावर जेमतेम दोनशे ग्रॅम भरतं. काउंटरवरच्या मुलीला 'रिकाम्या ताटाचं वजन वजा केलंत ना?' हे जरूर विचारा. केलेलं असतंच, तरी विचारा. मागे रांग असेल तर दोनदा. मग टेबलाशी बसून पाला आणि पापड खायचे, आणि हॉटेलात परतल्यावर किटली लावायची.

तिथला वाढपी तुमच्या ताटाकडे बघून हसला तर त्याला टिप देऊ नका. तशीही ती बिलात धरलेली असते, वर दोन-चार फ्रँक ठेवले तर आनंद, नाही ठेवले तर कुणी मागत नाही. आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०२३मध्ये झुरिककरांनी मतदान करून कौल दिला की शहरात तासाला किमान २३.९० फ्रँक मजुरी असावी. पुढे ते प्रकरण कोर्टकचेरीत अडकलं, पण त्या दराने बघितलं तर कॉफी आणून देणाऱ्याला तीच कॉफी प्यायला बारा-तेरा मिनिटांचं काम पुरतं. आपल्याकडच्या कुठल्याही चकचकीत कॅफेत टेबल पुसणाऱ्या पोराला तिथल्याच कॉफीसाठी किती तास राबावं लागतं, हा गुणाकार कुणी करत नाही. असो. तुम्ही तिथे अर्थशास्त्र शिकायला गेलेला नाहीत.

संस्कृतीवरचा खर्च हा शुद्ध चैनीचा. रीटबर्ग संग्रहालयात भारतीय चित्रांचा फार मोलाचा संग्रह आहे. पहाडी शैलीची अशी चित्रं, की अभ्यासक त्यासाठी वाट वाकडी करून येतात. पण भारतीय चित्रं बघायला परदेशात जाऊन पैसे कोण मोजणार? ती तर आपल्याकडेही आहेत. आपल्याकडे कुठे आहेत आणि आपण ती कधी बघितली, असे उपप्रश्न विचारू नका. फ्राउमुन्स्टर चर्चमध्ये चित्रकार शगालने केलेल्या रंगीत काचेच्या खिडक्या आहेत, आत जायला पाच फ्रँक. बाहेरच्या पायरीवर बसा आणि मोबाईलवर त्या खिडक्यांचे फोटो बघा. फोटो मोठा करता येतो, खिडकी येत नाही. कुन्स्टहाउस या कलासंग्रहालयाचा स्वतःचा संग्रह बुधवारी फुकट बघता येतो, हे कळलंच तर गुरुवारी जा आणि तिकिटाच्या दरावर चर्चा करून परत या.

मोबाईलचं म्हणाल, तर 'युरोप' असं लिहिलेलं कुठलंही सिम घ्या. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, आहे पण युरोपियन युनियनमध्ये नाही, आणि कितीतरी स्वस्त प्लॅन युनियनच्या वेशीवर संपतात, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो, तो बॅगेत थेपल्यांच्या खाली असतो. त्याच चालीवर खिशात युरो न्या. दुकानं घेतात की युरो! दर त्यांचा, आणि सुटे परत मिळतात ते फ्रँकमध्ये. कार्ड दिलंत तर यंत्र अदबीने विचारतं, फ्रँकमध्ये घेऊ की रुपयांत? परक्या मुलखात आपला रुपया दिसल्यावर कुणाचा ऊर भरून येणार नाही? रुपयेच निवडा. त्या दरात यंत्रवाल्यांनी आपला वाटा घालून ठेवलेला असतो, पण शंभराने गुणायचे कष्ट तर वाचले.

झुरिककरांचं अनुकरण करायचा मोह होईल, तो आवरा. ही माणसं महिन्याला आपल्या वर्षाएवढं कमावतात आणि घरून पाव-चीज बांधून आणून तळ्याकाठी दुपारचं जेवण उरकतात. सुपरमार्केटात संध्याकाळी, बंद व्हायच्या आधी, सॅलडवर आणि सँडविचवर निम्म्या किमतीची चिकटपट्टी लागते तेव्हा सूटबूट घातलेले बँकवाले तिथे घुटमळताना दिसतात. उन्हाळ्यात ओबरर लेट्टनला नदीत फुकट डुंबतात. शनिवारी ट्रॉली बॅगा ओढत रेल्वेने सरहद्द ओलांडून जर्मनीतल्या कोन्स्टान्सला किराणा भरायला जातात, आणि येताना जर्मन कस्टमच्या खिडकीशी कर परत मिळवायच्या कागदावर शिक्का मारून घ्यायला रांगेत उभे राहतात. हे इतकं वाढलं की १ जानेवारी २०२५पासून स्विस सरकारने माणशी करमुक्त खरेदीची मर्यादा ३०० फ्रँकवरून १५०वर आणली. आणि हे सगळं करताना कुणी चेहरा पाडत नाही की बरोबरच्याला दर ऐकवत नाही. याला काटकसर म्हणत नाहीत. काटकसर दिसली पाहिजे, ऐकू आली पाहिजे, तिने बरोबरच्या चौघांचा दिवस नासला पाहिजे.

रविवारी दुकानं बंद असतात. हे शनिवारी संध्याकाळी लक्षात येता कामा नये.

आता मोरीला बोळा पक्का बसला, तर दरवाज्याकडे वळू. सोसायटीतली बत्तीस घरं, ऑफिसातला मजला, दोन्हीकडचे नातेवाईक आणि 'काही आणू नका हं' असं बजावलेली वहिनी, या सगळ्यांसाठी चॉकलेटं घ्यायचीत. सुपरमार्केटातलं त्यांच्या घरच्या ब्रँडचं चॉकलेट स्वस्त असतं आणि स्विस लोक तेच खातात, म्हणून ते नको. नाव दिसलं पाहिजे. त्रिकोणी टोब्लेरोन घ्या. त्याचं काही उत्पादन स्लोव्हाकियात गेल्यावर डब्यावरचा मॅटरहॉर्न पर्वत काढावा लागला होता, आणि तोच डबा आपल्या नाक्यावरच्या मॉलमध्येही मिळतो, पण तो विमानात बसून आलेला नसतो. खाऊ संपून बॅगेत पंधरा किलो जागा झाली आहेच.

शेवटच्या दुपारी बानहोफश्ट्रास या भारी दुकानांच्या रस्त्यावर फेरी मारा. नुसती बघायला म्हणून. काचेत घड्याळं मांडलेली असतात. इथे शंभराचा पाढा विसरायचा असतो. घड्याळ हा खर्च नव्हे, गुंतवणूक असते, हे सांगायला दुकानातला माणूस आहेच आणि त्याने पाणीही काचेच्या पेल्यात फुकट दिलेलं असतं. शिवाय ३०० फ्रँकच्या वर खरेदी केली की परदेशी पाहुण्याला ८.१ टक्के व्हॅट परत मागता येतो. म्हणजे जितकं महाग घ्याल तितकी कमाई जास्त. सहा दिवस न प्यायलेल्या कॉफ्यांचे पैसे आहेतच त्यात घालायला. सौभाग्यवती हळूच म्हणतील, "अहो, एवढ्याचं?" तेव्हा त्यांना प्रेमाने समजावा, "अगं, रुपयांत नको मोजूस."

घड्याळ खोक्यात ठेवू नका, मनगटावर घाला. मुंबईला उतरल्यावर कस्टमच्या हिरव्या दारातून जाताना बाही मनगटाखाली उतरली पाहिजे, तेव्हा अंगात फुल शर्ट हवा. तो मात्र निघतानाच इथून घेऊन जा. तिकडे महाग पडतो.