कुत्रा, दमा आणि आमचे घाईचे निष्कर्ष

आमच्या अमळनेरच्या घरात बाजी नावाचा गावठी कुत्रा आहे आणि मला कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे. हे ऐकल्यावर लोक दोनच सल्ले देतात. एक म्हणजे "काढून टाका" आणि दुसरा म्हणजे "सवय होईल, काही होत नाही". पहिला सल्ला कठोर असला तरी वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नाही. दुसरा मात्र धोकादायक आहे, कारण सवयीच्या आशेवर बसलेल्या माणसाची साधी सर्दी पुढे दम्यापर्यंत जाऊ शकते. माझे तेच झाले.

बाजीला सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, पारोळ्याजवळच्या मळ्यातून आणले. सासूबाई गेल्यानंतर घरात त्यांच्याशी दिवसभर बोलणारे कोणी नव्हते, ही गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचे सगळे हट्टासारखे वाटेल. सहा महिन्यांत मला पहाटेच्या शिंका सुरू झाल्या, मग डोळ्यांना खाज आणि शेवटी छातीत घरघर. आमच्याकडे अशा वेळी कारणांची कमतरता नसते. कपाशी वेचणीला आली की हवेत तंतू असतात, पावसाळ्यानंतर बांधाबांधावर गाजरगवत फुलते आणि उन्हाळ्यात तर धूळच धूळ. त्यामुळे सुरुवातीला दोष कपाशीला गेला. नंतर धुळ्याहून आलेल्या आतेसासूबाईंनी मला थेट विचारले, "तुना जीव मोठा शे का कुत्रा?" आणि सगळा दोष एका दिवसात बाजीवर गेला.

त्यानंतर आम्ही जे केले ते मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण ही चूक अनेक घरांत होत असावी. बाजीला पंधरा दिवस मळ्यात पाठवले. माझा त्रास तसूभरही कमी झाला नाही, म्हणून कुत्रा निर्दोष ठरला, वाजतगाजत परत आला आणि मी पुन्हा गोळ्या खाऊन दिवस काढू लागले. वस्तुतः हा प्रयोगच निरर्थक होता. अ‍ॅलर्जी कुत्र्याच्या केसाची नसते. ती त्याच्या लाळेतील, मूत्रातील आणि कातडीवरून झडणाऱ्या कोंड्यातील प्रथिनांची असते. हे कण इतके बारीक असतात की ते तासन्‌तास हवेत तरंगतात आणि गाद्या, पडदे, सतरंज्या यांत प्राणी गेल्यानंतरही कित्येक आठवडे, कधी महिनेही, टिकून राहतात. पंधरा दिवस घरात कुत्रा नव्हता, पण त्याची अ‍ॅलर्जी घरातच होती.

शेवटी नाशिकला जाऊन त्वचेची चाचणी केली. त्याआधी डॉक्टरांच्या सांगण्यावरून अ‍ॅलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. हातावर थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत ज्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असेल तिथे गांधी उठते. माझ्या हातावर कुत्र्याच्या थेंबाजवळ गांधी उठलीच, पण त्याहून मोठी उठली ती डस्ट माइटच्या थेंबाजवळ. हे डोळ्यांना न दिसणारे जीव कापसाच्या गादी-उशांत वाढतात. म्हणजे वर्षभर आम्ही ज्याच्यावरून भांडत होतो तो आरोपी दुय्यम होता आणि मुख्य आरोपीवर मी रोज रात्री झोपत होते! माझे म्हणणे एवढेच आहे की कुत्रा ठेवायचा की नाही हा निर्णय चाचणी आणि फुप्फुसांची तपासणी झाल्याशिवाय घेऊच नये, ना काढण्याचा, ना ठेवण्याचा.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की कुत्रा घरात नसणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ठेवायचाच असेल तर औषध नियमित घ्या आणि झोपण्याची खोली त्याला कायमची बंद करा. पुस्तकी नियम मात्र आपल्या गावाप्रमाणे वळवून घ्यावे लागतात. आठवड्यातून दोनदा आंघोळ घालावी म्हणतात, कारण धुतल्यावर कमी झालेली प्रथिने काही दिवसांत पूर्ववत होतात. आमच्या गल्लीत नळच चार-पाच दिवसांनी येतो, म्हणून नाना रोज सकाळी ओट्यावर बाजीला ओल्या फडक्याने पुसतात आणि त्याचे केस विंचरतात. तेवढा वेळ मी त्या बाजूला फिरकत नाही. केरसुणी बंद करून ओल्या फडक्याने पुसणे सुरू केले, उशा-गाद्यांना घट्ट विणीची खोळ घातली आणि चादरी कडक गरम पाण्यात धुतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा कुत्र्याला बाहेर ठेवणे क्रूरपणाचे आहे. त्या दिवसांत तो बैठकीत कूलरसमोर असतो. कूलरसाठी खिडक्या उघड्या ठेवाव्याच लागतात आणि त्यामुळे खोलीतली हवा तरी खेळती राहते.

दम्याचे औषध श्वासातून ओढायच्या पंपाविषयीही एक शब्द. "पंप लागला की सुटत नाही" या समजापायी मी सहा महिने तो टाळला. पंपातले औषध अगदी कमी मात्रेत थेट श्वासनलिकेत जाते, हे समजून घ्यायला मला एक रात्र दवाखान्यात काढावी लागली.

अ‍ॅलर्जी न करणाऱ्या जातीचे म्हणून महागडे पिल्लू विकणाऱ्यांपासूनही सावध राहावे. २०११ साली अमेरिकेत १७३ घरांतील धुळीची तपासणी झाली, तेव्हा अशा जातींच्या आणि इतर कुत्र्यांच्या घरांत मुख्य प्रथिनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तेव्हा घरात आणण्यापूर्वी त्याच कुत्र्याबरोबर काही वेळा बसून पाहावे, जातीच्या नावावर जाऊ नये.

सध्या माइटसाठी इंजेक्शनांचा तीन ते पाच वर्षांचा उपचार चालू आहे, त्याचे हे दुसरे वर्ष. नानांशी माझे ठरले आहे की नियमित औषध घेऊनही रात्री पंपासाठी उठावे लागू लागले, तर बाजी मळ्यात जाईल आणि त्यावर घरात पुन्हा चर्चा होणार नाही. त्यांनी ते मान्य केले. गेल्या महिन्यात मळ्यातल्या खोलीच्या पत्र्यावर त्यांनी उसाचे पाचट टाकून घेतले आहे. कशासाठी ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.