पाचशे पेनं वाटलीत, पण कुणाला?

दादा, जाहिरातीच्या भेटवस्तूंवरच्या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दिवाळीला नाव छापून 500 पेनं वाटलीत आणि एकही नवी ऑर्डर आली नाही. त्यापेक्षा बिलात दोन टक्के सोडले असते तर गिऱ्हाईक तरी खूश झालं असतं, असं म्हणताय. शिवाय "तुमचं काय जातंय लिहायला" हा टोमणाही आहे.

पेनांबाबत तुमचं खरं आहे. त्या लेखात मी पेन, किचेन, कॉफीचा मग असं सगळं एकाच ओळीत कोंबलं, ती चूक माझी. पेन बँकेत कुणीतरी मागून घेतं आणि तिथंच संपतं.

पण दोन टक्के मला पटत नाहीत. आज सोडलेत की पुढच्या बिलाला ते हक्काचे होतात. आणि खूश कोण होतं? मालक. तुम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात टॅप-ड्रिल विकता, म्हणजे धातूत भोक पाडायचं ड्रिल आणि त्या भोकात आटे पाडायचा टॅप. शिरोलीच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये टॅप मोडला की "अमुकच मेक आणा" असं म्हणतो मशीनवरचा ऑपरेटर. तुमची पेनं त्याच्यापर्यंत पोचलीच नसतील, ऑफिसातच वाटली गेली असतील.

त्या माणसाला काय लागतं बघा. कोर्स पिचला, म्हणजे नेहमीच्या जाड आट्याला, एम-8 (8 मिमी बोल्टचा आटा) साठी आधी 6.8 मिमीचा ड्रिल, एम-10 ला 8.5, एम-12 ला 10.2. जुन्या माणसाला हे पाठ असतं. आयटीआयमधून आलेलं पोरगं मात्र दर वेळी विचारतं आणि मिस्त्री खेकसतो. हा तक्ता पोस्टकार्डाच्या आकाराच्या जाड प्लास्टिकवर छापा आणि मागं चुंबक लावा. कागद नको, तेला-कूलंटच्या हातांनी त्याचा लगदा होतो. खाली तुमचं नाव आणि नंबर, बस्स. 'विश्वासाचे दुसरे नाव' तर अजिबात नको! 500 कशाला, साठ पुरेत. पण स्वतः जाऊन मशीनवर लावा. त्या निमित्तानं ट्रेमध्ये सध्या कुणाचे टॅप पडलेत तेही दिसेल. माझ्या मते निम्मी वसुली तिथंच होते.

जागा चुकली की काय होतं, ते मी भोगलंय. छपाईच्या धंद्यात होतो तेव्हा अंबाबाईचा फोटो घालून हजार दिनदर्शिका वाटल्या. आमचं नाव खाली, तारखांच्या पट्टीवर. वर्ष संपलं, लोकांनी खालचा भाग कात्रीनं कापला आणि फोटो भिंतीवर ठेवला. अंबाबाई राहिली, आम्ही रद्दीत गेलो.

"जीएसटी परत मिळतोच" असंही तुम्ही लिहिलंय. तो मिळत नाही. भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) सीजीएसटी कायद्याच्या कलम 17(5) नं अडवलंय. 10,000 च्या मालावर 18 टक्के लागला असेल तर ते 1,800 खर्चातच धरा. पेनांचा हिशेब तुमच्या आकड्यापेक्षा वाईटच निघेल, म्हणजे इथंही तुमचाच मुद्दा बळकट होतोय.

तक्त्यावर दुकानाच्या बोर्डावर नसलेला एखादा नंबर छापा, म्हणजे फोन तक्त्यामुळे आला की नाही ते कळेल. पेनांच्या वेळी ही सोय नव्हती, त्यामुळे एकही ऑर्डर आली नाही हेसुद्धा तुम्ही अंदाजानंच म्हणताय.

आणि छापायच्या आधी आकडे एखाद्या जुन्या टर्नरकडून तपासून घ्या. चुकीच्या ड्रिलनं जॉब गेला, तर शिव्या द्यायला तुमचा नंबर मशीनवरच असेल.