गाणं नंतर, आधी रडा!

टीव्हीवरच्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत दर शनिवारी तेच! पोरगी गाते दीड मिनिट, आणि तिच्या बाबांची रिक्षा, आजीचं आजारपण, गळकं घर दहा मिनिटं. वर व्हायोलिन. अहो, आम्ही ग्वाल्हेरची माणसं, तिथल्या लश्कर भागात ख्याल गायकी ऐकत वाढलो. सूर कळतो आम्हाला, गरिबीचे मार्क कशाला? २०१७ च्या केंद्राच्या नियमांत बालकलाकाराला दिवसाला ५ तासच काम, विश्रांतीशिवाय ३ तासांच्या वर नाही, निदान २० टक्के कमाई त्याच्या नावे मुदत ठेवीत. ठीक. पण बाद झालेल्या लेकराच्या भरल्या डोळ्यांवर कॅमेरा किती वेळ रोखायचा, ते कोण मोजणार? मावशी पदराला डोळे पुसत "बिचारी गं" म्हणते, की लगेच साबणाची जाहिरात! चॅनेल बदलावं, तर रिमोट तिच्या मांडीखाली.