मिरजेची चिठ्ठी, जयसिंगपूरचं बिल

एकतीस तारखेला सकाळी सातला फोन वाजला की बायको कूसही न बदलता म्हणते, "मिरजवाला." असतोच. सात-पाचला सांगलीवाला, सात-दहाला जयसिंगपूरवाला. कोल्हापूरवाला फोन करत नाही. तो थेट ग्रुपवर स्वतःचा विक्रीचा आकडा टाकतो आणि खाली नम्रपणे हात जोडतो. बाकीच्या तिघांचा रक्तदाब त्या जोडलेल्या हातांनी वाढतो.

मी औषध कंपनीत एरिया मॅनेजर. हाताखाली चार एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन औषधं खपवणारे प्रतिनिधी. आमच्यात माणूस हेडक्वार्टरच्या, म्हणजे नेमून दिलेल्या गावाच्या नावानंच ओळखला जातो. मुलाखतीत मीच विचारलं होतं, "दुसरा नंबर आला तर झोप लागेल का?" जे 'नाही' म्हणाले त्यांनाच घेतलं. आता मला लागत नाही.

भांडणाचं मूळ भूगोलात आहे. 1894 साली डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं, आणि दुखलं-खुपलं की मिरज गाठायची सवय या मुलखाला लागली. त्या भल्या माणसाला काय कल्पना, की पुढे आपल्यापायी कुणाच्या इन्सेंटिव्हचा तक्ता बिघडणार आहे! पेशंट तपासून घेतो मिरजेत, एसटीत बसतो आणि औषध घेतो घराजवळ, जयसिंगपुरात. तिथल्या केमिस्टनं माल उचललेला असतो सांगलीच्या स्टॉकिस्टकडून, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडून. पित्ताच्या दहा गोळ्यांची एक स्ट्रिप, तिला तीन बाप.

"सर, पेशंट कुठलाही असू दे, सही आमच्या डॉक्टरची आहे!" मिरजवाला.

"सहीला काय चाटायचंय? काउंटरवर माल ठेवायला मी लावला." जयसिंगपूरवाला.

"बिल कुठं फाटलं तेवढं बघा सर." सांगलीवाला कमी बोलतो, कारण स्टॉकिस्टचं स्टेटमेंट त्याच्याकडून बोलतं.

एकदा मी न्यायाधीश होऊन तिघांत वाटणी करून दिली. पुढच्याच आठवड्यात मिरजवाला जयसिंगपुरातल्या एका दुकानात चिठ्ठ्या मोजताना सापडला. म्हणे, आरसीपीए करतोय. कुठल्या डॉक्टरचं काय खपतं हे केमिस्टकडे जाऊन पाहायचं, हे आमचं रोजचंच काम. पण आपापल्या गावात! जयसिंगपूरवाल्यानं फोटो काढून मला पाठवला. फोटोत मिरजवाला हसत होता.

सांगलीवाल्याचं लग्न ठरलं तेव्हा मिरजवाला प्रेमानं म्हणाला, "तू निवांत लग्न कर, तुझे डॉक्टर मी बघतो." एवढं ऐकून कोणाला निवांतपणा येईल? हळदीच्या दिवशी हा पठ्ठ्या संध्याकाळच्या ओपीडीला हजर. पिवळे हात, पिवळा चेहरा. डॉक्टरांनी आधी पापणी खाली ओढून कावीळ तपासली. त्या महिन्यात त्यानं टार्गेट पूर्ण केलं. लग्नाला मिरजवाला आहेर घेऊन आला होता, आणि मांडवात डॉक्टर किती आलेत ते मोजून गेला.

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानांवरून जाताना मला हेवा वाटतो. त्यांच्याही हाताखाली चारच तारा. पण 'शेजारची तार माझा सूर खाते' म्हणून एकीनंही अजून मेल टाकलेला नाही.

एकतीस तारखेला दुपारनंतर क्लोजिंगचा, म्हणजे महिन्याचा हिशेब बंद करण्याचा खरा तमाशा. आकडा भरायला चौघंही स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारायला धावतात. मी ओरडतो, "अरे, हाच माल उद्या एक्स्पायरी होऊन परत येईल!" कोल्हापूरवाला शांतपणे म्हणाला, "तोवर माझं प्रमोशन होतंय की सर." यावर काय बोलणार? मीही तसाच मॅनेजर झालोय.

रात्री साडेनऊला जेवायला बसलो, तोच बेळगावच्या मॅनेजरचा फोन. गोड आवाज. "अहो, मिरजेच्या ओपीडीतले कितीतरी पेशंट आमचे. अथणी, रायबाग, चिकोडीचे. तुमच्या सेलमधला थोडा वाटा आमच्याकडे यायला हवा, नाही का? साहेबांना मेल टाकलाय, म्हटलं तुम्हाला आधी सांगावं."

घास हातातच राहिला. मी ताटावरून उठलो. आवाज माझाच होता, पण तारसप्तकातला.

"पेशंट कुठलाही असू दे, सही आमच्या डॉक्टरची आहे!"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मिरजवाला जेवायला आलाय का? भाकरी टाकू?"