महाबळेश्वरचा गारठा आणि डेटा सेंटरचं बिल

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय: ‘फेसबुकनं डेटा सेंटर स्वीडनच्या बर्फात नेलं, एसीचा खर्चच नाही. आपण मात्र घामट नवी मुंबईत बांधतोय. साताऱ्याचं महाबळेश्वर थंड, शेजारी कोयनेची वीज. तिथं न्या, हजारो पोरांना नोकऱ्या लागतील.’ डेटा सेंटर म्हणजे आपला डेटा साठवणाऱ्या कॉम्प्युटरांची, म्हणजे सर्व्हरची, इमारत; ते तापतात, म्हणून गार ठेवावे लागतात. मी तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर मशीन सांभाळतो. गार करण्याचं बिल दर महिन्याला बघतो, म्हणून लिहितोय.

‘बर्फासाठी नेलं.’ निम्मं खरं. फेसबुकचं हे सेंटर स्वीडनच्या लुलेओ शहरात २०१३ साली सुरू झालं. आर्क्टिक वृत्त तिथून शंभरेक किलोमीटर. बाहेरची हवा आत ओढून सर्व्हर गार करतात. सर्व्हरना १०० युनिट लागली तर सगळ्या इमारतीला मिळून १०७च्या आसपास लागतात. जगाची सरासरी दीडशेच्या वर आहे. फायदा आहेच, नाकारत नाही. पण मूळची १०० युनिट कितीही बर्फ पडला तरी भरावीच लागतात, आणि ती लुलेओला मिळतात लुले नदीवरच्या जलविद्युत केंद्रांतून, स्वस्तात. शिवाय गूगलच्या सगळ्या सेंटरची सरासरी ११०च्या जवळपास आहे, आणि त्यात विषुववृत्ताशेजारचं सिंगापूरही धरलेलं आहे. म्हणजे बांधणी नीट असेल तर थंडीची कमाई शंभरात काही युनिटांची.

आमचंच बघा. मेमध्ये तासगावात पारा चाळिशीला टेकतो, आत चेंबर चार अंशांवर ठेवायचा. बिल बघून मालक कपाळाला हात लावतो. पण स्टोरेज पाचगणीला हलवू, असं आजवर कुणी म्हणालं नाही. द्राक्षं इथं, शेड इथं, सौदे इथं. मुंबईला समुद्राखालच्या केबल येतात, बँका तिथं, शेअर बाजार तिथं. डेटा सेंटर त्याच हिशेबानं तिथं गेलं.

‘महाबळेश्वर म्हणजे आपलं लुलेओ.’ वेण्णा लेकवरच्या दवबिंदू गोठल्याच्या फोटोवर हिशेब मांडला तर असंच होणार. एप्रिल-मेच्या दुपारी तिथंही तिशी ओलांडते. पुढं पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. महिनोन्‌महिने धुक्यात भिजलेली ती हवा थेट सर्व्हरवर सोडता येत नाही, आधी तिची ओल आटोक्यात आणावी लागते. त्यासाठी मशीन लावलं की आला परत एसीचा कॉम्प्रेसर! साडेतेराशे मीटर उंचीवर हवा दहा-बारा टक्के विरळ असते, तेवढीच उष्णता काढायला पंखे जास्त फिरवावे लागतात. आणि महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेलं, क्षेत्र आहे, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या गावीही नसावं.

अंतराची तक्रार मात्र मी करणार नाही. मुंबई अडीचशे किलोमीटर, फायबर केबलमधून डेटा तिथं पोचायला सव्वा मिलिसेकंद. अडचण आहे ती घाटातून वेगवेगळ्या वाटांनी चार-पाच फायबर आणण्याची. एक वाट दरडीखाली गेली तर दुसरी हवी.

‘कोयनेची वीज शेजारीच.’ कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट, पण ती संध्याकाळी मागणी चढली की जोर लावायची मशीनं. पश्चिमेकडं वळवायच्या पाण्याला कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. तेवढ्या पाण्यावर सगळे संच बारा महिने चोवीस तास फिरत नाहीत. डेटा सेंटरला मात्र रात्री तीनलाही तेवढीच वीज लागते. शिवाय धरण पाटण तालुक्यात असलं तरी पाणी बोगद्यातून कोकणात पोफळीकडं उतरतं, वीज तिथं तयार होते.

‘उष्ण जागी बांधणं मूर्खपणा.’ मग जगातलं सगळ्यात मोठं जाळं अमेरिकेत व्हर्जिनियाच्या ॲशबर्नभोवती कसं? तिथला उन्हाळा दमट असतो. उलट आयर्लंड बारमाही गार. २०२३ मध्ये तिथली २१ टक्के वीज डेटा सेंटरनीच वापरली, आणि डब्लिनच्या ग्रिडनं नव्या जोडण्यांना हात आखडता घेतला. थंडी होती, तारेत जागा नव्हती.

राहता राहिल्या ‘हजारो नोकऱ्या’. बांधकाम चालू असेपर्यंत गर्दी असते. नंतर एवढ्या मोठ्या हॉलला राखणदार, इलेक्ट्रिशियन, काही इंजिनिअर. हंगामात आमच्याकडं बेदाणा निवडायला त्याहून जास्त बायका बसलेल्या असतात.